प्रश्नोत्तरे : स्पितीच्या वाटेवर गाडी न्यायची तर

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत हिमालय डोकावू लागतो. यंदा बहुतेकांचा रोख हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यावर आहे. स्वतःची गाडी काढायची, कुंझुम खिंड ओलांडायची, चंद्रताल पाहायचा आणि काझाला मुक्कामाला पोचायचं, असे बेत अनेकांनी कळवले आहेत. कुणी नवी गाडी घेतली आहे, कुणी आई-वडिलांना सोबत नेणार आहे, कुणाला तिथल्या दगडांविषयी कुतूहल आहे. प्रश्न वेगवेगळे असले तरी वाट एकच, म्हणून या वेळचं सदर पूर्णपणे याच वाटेला दिलं आहे.

प्रश्न : हिमालय म्हणजे बर्फ आणि नद्यांचा प्रदेश. मग स्पितीला ‘शीत वाळवंट’ का म्हणतात? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमच्याच जिल्ह्यात याचं उत्तर आहे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि तिथून शे-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला माण-खटावात पाण्यासाठी डोळे आभाळाकडे लागतात. सह्याद्रीने ढग अडवले की पलीकडे पर्जन्यछाया. स्पितीत हेच काम पीर पंजालची रांग करते, आणि ती सह्याद्रीच्या कितीतरी पट उंच आहे. मोसमी ढग कुलू-मनालीच्या देवदारांवर रिते होतात. मनालीहून ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा पार करून लाहौलमध्ये बाहेर पडलं की डोंगरांचा रंगच बदललेला दिसतो. पुढे कुंझुम ओलांडून स्पितीत उतरलं की झाड शोधावं लागतं. पाणी मिळतं ते मुख्यतः हिवाळ्यात पडलेल्या बर्फातून.

गाडी नेणाऱ्याने हा भूगोल नीट समजून घ्यायला हवा, कारण वाटेचा स्वभाव त्यातूनच येतो. दिवसा फटीत शिरलेलं पाणी रात्री गोठतं, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि खडक फोडतं. असं वर्षानुवर्षं चाललं की अख्खा उतार सुट्या दगडांचा होतो. त्यांना धरून ठेवायला झाडांची मुळं नाहीत, गवताची जाळी नाही. त्यामुळे ‘तिकडे पाऊसच नसतो, मग रस्ता निर्धोक’ हा हिशेब चुकतो. अशा उघड्या उतारांवर थोडा पाऊससुद्धा चिखल आणि दगडांचा लोंढा खाली आणतो. जुलै २०२३ मध्ये अवेळी पाऊस आणि बर्फ झाला, तेव्हा चंद्रतालजवळ सुमारे तीनशे पर्यटक अडकले होते आणि त्यांना बाहेर काढायला प्रशासनाला कित्येक दिवस झटावं लागलं. वरून कोरड्या दिसणाऱ्या डोंगरावर हवामानाचा अंदाज रोज पाहावा आणि पावसाची शक्यता असेल तर मुक्काम हलवू नये.

प्रश्न : आमच्या नाशिकला बनलेली थार मी नुकतीच घेतली, तीही फोर बाय फोर. मित्र म्हणतो, साध्या गाडीनेही स्पिती होते. मग एवढे पैसे कशाला घातले? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मित्राच्या म्हणण्यात तथ्य आहे. उन्हाळ्यात कुंझुमवरून हिमाचल परिवहनची बस जाते, सामायिक टॅक्सी म्हणून चालणाऱ्या सुमो जातात, आणि यांची फक्त मागची चाकं फिरतात. काझातली माणसं छोट्या हॅचबॅकसुद्धा नेतात. पण बसची चाकं मोठी आणि पोट जमिनीपासून खूप वर असतं, शिवाय तिच्या चालकाला प्रत्येक वळण पाठ असतं. हॅचबॅक नेणाऱ्या स्थानिकाला कोणत्या दगडाच्या डावीकडून जायचं हे ठाऊक असतं. आपल्याकडे ते ज्ञान नसतं. ती उणीव गाडीच्या उंचीने आणि ताकदीने थोडीफार भरून निघते.

पहिली गरज ग्राउंड क्लिअरन्सची. मनालीकडच्या बाजूला ग्रामफूपासून छत्रूमार्गे बातलपर्यंतचा पन्नासेक किलोमीटरचा पट्टा आणि बातलच्या पुढे चंद्रतालकडे फुटणारी बारा-चौदा किलोमीटरची अरुंद वाट हा या प्रवासाचा सर्वांत खडबडीत भाग. इथे नदीपात्रातल्यासारखे गोटे रस्त्यातच पडलेले असतात. गाडीचं पोट जमिनीपासून दोनशे मिलिमीटरच्या आसपास वर असेल तर ऑइल चेंबर वाचतो. सेडान नेणाऱ्यांची अर्धी शक्ती तळ घासू नये या काळजीतच जाते.

दुसरी गोष्ट फोर बाय फोरची. साध्या गाडीतला डिफरन्शियल हा वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. त्याचा तोटा असा की एक चाक चिखलात किंवा हवेत असलं की तेच गरगर फिरत राहतं आणि जमिनीवर टेकलेल्या चाकाला जोर मिळत नाही. ताकद पुढच्या-मागच्या दोन्ही आसांना मिळाली की निदान एखादं पकड असलेलं चाक गाडी पुढे ढकलतं. कर्णाच्या दोन टोकांवरची चाकं सुटली, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं, तर फोर बाय फोरही अडते. तेव्हा डिफरन्शियल लॉक किंवा सुटलेल्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा कामी येते. तुमच्या गाडीत यातलं काय आहे हे माहितीपुस्तकात वाचून घ्या आणि निघण्याआधी घराजवळच्या एखाद्या कच्च्या रस्त्यावर वापरून पाहा.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची सोय म्हणजे लो रेंज. ‘फोर-लो’ लावलं की चाकांवरचा जोर दोन-अडीच पट होतो आणि गती तेवढीच कमी होते. चढावर क्लच न जाळता गाडी पावलापावलाने चढते. उतारावर पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. खिंडीतून उतरताना याचा उपयोग चढापेक्षाही जास्त होतो. मात्र डांबरी रस्त्यावर गाडी टू-व्हीलवरच ठेवा. अशा गाड्यांत फोर-व्हील लावल्यावर दोन्ही आस एकमेकांना जखडले जातात आणि कोरड्या डांबरावर वळताना गिअरबॉक्सवर विनाकारण ताण येतो.

थोडक्यात, शिमल्याकडून काझाला जाऊन त्याच वाटेने परतायचं असेल तर सुस्थितीतली कोणतीही गाडी चालेल. चंद्रताल आणि कुंझुम करायचं असेल तर उंच गाडी हवीच, आणि फोर बाय फोर असेल तर पैसे सार्थकी लागले असं समजा.

प्रश्न : शिमल्याकडून जावं की मनालीकडून? सोबत सत्तरीतले आई-वडील आणि सात वर्षांची मुलगी आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : शिमल्याकडून जा आणि सर्वांची प्रकृती उत्तम असेल तरच मनालीकडे उतरा. याचं कारण उंची.

मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि चंद्रताल सुमारे ४,२५० मीटरवर. सकाळी मनाली सोडून संध्याकाळी चंद्रतालच्या तंबूत झोपायचं म्हणजे शरीराला एका दिवसात २,२०० मीटर वर चढवायचं. वैद्यकीय सल्ला असा आहे की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरहून जास्त उंच नसावी आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती असावी. गाडी आरामात चढते, म्हणून आपल्याला वाटतं की आपणही चढलो. रक्ताला मात्र विरळ हवेशी जुळवून घ्यायला दिवस लागतात.

शिमल्याची वाट हे काम आपोआप करते. नारकंडा, मग किन्नौरमध्ये सांगला किंवा कल्पा, मग नाको, मग ताबो, मग काझा असे मुक्काम केले तर उंची टप्प्याटप्प्याने वाढते. वाट लांबची असली तरी प्रत्येक मुक्काम पाहण्यासारखा आहे. खाब इथे स्पिती नदी सतलजला मिळते ते ठिकाण, नाकोचं तळं, आणि इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेला ताबोचा मठ. बाहेरून मातीच्या साध्या भिंती आणि आत हजार वर्षांपूर्वीची मूर्तिकला आणि भित्तिचित्रं. ताबोला दीड दिवस तरी ठेवा. नाकोजवळचा मलिंग नाला दरडींसाठी कुप्रसिद्ध आहे, तो सकाळीच पार करा.

विरळ हवेचा त्रास डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं असा सुरू होतो. अशा वेळी आणखी वर जायचं नाही, पाणी प्यायचं, विश्रांती घ्यायची. स्वस्थ बसूनही धाप लागत असेल, खोकला घरघरत असेल, चालताना तोल जात असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल तर तो जिवावरचा प्रसंग आहे. रात्र असो वा पाऊस, लगेच खाली उतरवायचं आणि रुग्णालय गाठायचं. काझाला सरकारी रुग्णालय आहे. चंद्रतालच्या काठी काहीच नाही. लहान मुलांना नेमकं काय होतंय ते सांगता येत नाही. मुलगी जेवत नसेल, किरकिरत असेल तर आधी उंचीचा संशय घ्या. आई-वडिलांच्या रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या औषधांबद्दल, तसंच उंचीवरच्या प्रतिबंधक गोळीबद्दल, निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. ती गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नका.

प्रश्न : रस्त्यावरून वाहणारे नाले गाडीने कसे पार करायचे? व्हिडिओंत लोक जोरात पाणी उडवत जातात. तसंच करायचं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : तसं अजिबात करू नका. हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी वेळ. हे नाले बर्फ आणि हिमनद्यांच्या वितळण्यावर चालतात. रात्री वर सगळं गोठतं, म्हणून पहाटे पाणी कमीत कमी असतं. ऊन चढलं की बर्फ वितळू लागतो, ते पाणी खाली पोचेपर्यंत दुपार होते. सकाळी सहाला घोट्याएवढा असलेला नाला दुपारी तीनला गुडघ्याच्या वर जातो आणि सोबत दगड ढकलत आणतो. स्थानिक चालक अंधार असतानाच निघतात ते याचसाठी. छत्रू ते बातल हा पट्टा दुपारच्या आत संपला पाहिजे असं गणित मांडा. उशीर झालाच तर अलीकडे ढाब्यावर मुक्काम करा आणि पहाटे निघा.

नाल्याशी पोचल्यावर गाडी थांबवा आणि उतरा. समोरून एखादी बस किंवा ट्रक येणार असेल तर त्याला जाऊ द्या आणि त्याची चाकं कुठून गेली, पाणी कुठवर आलं ते पाहा. कुणीच नसेल तर काठी घेऊन पात्राकडे बघत उभे राहा. पाणी जिथे रुंद पसरून खळखळतंय तिथे ते उथळ असतं. जिथे गुळगुळीत आणि शांत दिसतं तिथे खोल असण्याची शक्यता जास्त. मोठे दगड कुठे आहेत ते काठीने चाचपा. पाणी गढूळ असेल आणि तळातून दगड घरंगळण्याचा आवाज येत असेल तर पाण्यात पाऊल घालू नका आणि गाडीही घालू नका. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी ही सामान्य गाडीसाठी शेवटची मर्यादा मानावी, आणि ओढ जोरात असेल तर त्याच्याही खाली.

मग लो रेंज, पहिला किंवा दुसरा गिअर, आणि पाण्यात शिरल्यापासून पलीकडे निघेपर्यंत एकच संथ गती. मध्ये गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही, थांबायचं नाही. काचा खाली असाव्यात, आणि सीटबेल्टबाबत सोबतच्यांशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे वेळ आली तर सगळ्यांना झटकन बाहेर पडता येईल. एका वेळी एकच गाडी पाण्यात असावी. पहिली पलीकडे पोचल्यावरच दुसरी.

जोरात गेल्यावर पाणी उडतं ते बॉनेटवरून थेट हवा ओढणाऱ्या नळीत शिरू शकतं. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथून पुढे इंजिन उघडल्याशिवाय इलाज नाही, आणि मेकॅनिक काझाला किंवा मनालीला. गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारण्याचा मोह टाळा, बाहेर ओढून घ्या आणि आधी एअर फिल्टर ओला आहे का पाहा. सुखरूप पलीकडे गेलात तर थोडं अंतर ब्रेक हलके दाबत चालवा, म्हणजे ते सुकतील. लगेच उतार लागला तर ओले ब्रेक दगा देतात.

प्रश्न : उंचावर चिप्सचं पाकीट फुगतं. मग टायरही फुगून फुटतील का? आणि गाडीची ताकद कमी होते हे खरं का? (एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : छान प्रश्न. दोन्ही गोष्टींच्या मुळाशी हवेचा दाब आहे. समुद्रसपाटीला हवा दर चौरस इंचावर सुमारे १४.७ पौंडांनी दाबत असते. कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरहून उंच आहे आणि तिथे हा दाब सुमारे ८.४ पौंडांवर येतो, म्हणजे मुंबईच्या ५७ टक्के. पाकिटातली हवा मुंबईची, बाहेरची हवा कुंझुमची, म्हणून पाकीट टम्म.

टायरमधला दाब मापण्याचं यंत्र आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतं. मुंबईत ३० अंश तापमानाला ३२ पीएसआय भरलं असेल, तर कुंझुमला बाहेरचा दाब घटल्यामुळे ते ३८ च्या पुढे दिसायला हवं. पण तिथे सकाळी पाच अंश तापमान असेल तर थंडीने आतली हवा आकसते आणि जवळपास चार पीएसआय कमी होतात. हिशेब मिटतो तो ३४-३५ वर. म्हणजे चांगल्या टायरला काही होत नाही. दुपारच्या उन्हात चालून तापलेला टायर मात्र याहून बराच चढा आकडा दाखवेल. म्हणून दाब नेहमी सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजावा आणि कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणावा. खडबडीत वाटेवर चार-पाच पीएसआय कमी ठेवले तर टायर दगडाला जास्त चांगलं धरतो आणि हादरे कमी बसतात. मात्र डांबरी रस्त्याला लागताच पुन्हा भरायला हवेत, त्यासाठी बारा व्होल्टचा छोटा पंप जवळ असावा. मैदानात परतल्यावर पुन्हा एकदा तपासा.

ताकदीचं म्हणाल तर ऐकलं ते खरं आहे. इंधन जाळायला प्राणवायू लागतो. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन कुंझुमला सुमारे ४० टक्के ताकद गमावतं. टर्बो असलेलं इंजिन विरळ हवा दाबून आत घेतं, त्यामुळे त्याचं नुकसान बरंच कमी असतं. म्हणून चढावर आधीच खालचा गिअर घ्यावा आणि ओव्हरटेक करण्याचा विचार सोडावा. तिथे पाणीही सुमारे ८५ अंशांना उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय भात शिजायला वेळ लागतो. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी उकळत नाही. तापलेल्या गाडीचं ते झाकण कधीही उघडू नका.

प्रश्न : एकट्या गाडीने जाणं शहाणपणाचं आहे का? सोबत काय न्यावं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : दोन गाड्या असतील तर उत्तम, एक अडकली की दुसरी ओढते. एकटे असाल तर ग्रामफू-बातल आणि चंद्रतालच्या वाटेवर इतर गाड्यांच्या वेळेतच राहा. मनालीला टाकी पूर्ण भरा, मधे पंप मिळेल असं धरून चालू नका. काझाला पंप आहे. मोबाइलची रेंज मोठ्या पट्ट्यात नसते, म्हणून मुक्कामाचा बेत आधी घरी कळवून ठेवा. सुस्थितीतली स्टेपनी आणि जमल्यास दुसरीही, जॅकखाली ठेवायला जाड फळी, पंक्चर किट, ओढण्याचा पट्टा, फावडं, ब्लँकेट, दोन दिवसांचं कोरडं खाणं आणि पाणी एवढं असावं. नियम एक लक्षात ठेवा, अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला पहिला हक्क. उतरणाऱ्याने रुंद जागा पाहून थांबायचं. भारतीय नागरिकांना स्पितीसाठी इनर लाइन परमिट लागत नाही. अटल बोगद्यातून जाताना रोहतांगचा परवानाही लागत नाही.

प्रश्न : तिथे मैलोन्‌मैल उघडा माळ आहे. ऑफ-रोड गाडी असताना रस्त्यावरच का चालवायची? माळावर गाडी घातली तर कुणाचं काय बिघडतं? (एक वाचक, लातूर)

उत्तर : खूप काही बिघडतं, आणि या अंकात मला सर्वांत आग्रहाने सांगायचं आहे ते हेच.

स्पितीचा माळ गाडीच्या खिडकीतून ओसाड दिसतो. खाली उतरून गुडघ्यावर बसून पाहिलं की जमिनीला चिकटून वाढणारी बोटभर उंचीची काटेरी झुडपं दिसतात, खडकांमध्ये बारीक गवत दिसतं. काही ठिकाणी मातीवर एक काळपट, खरबरीत थर असतो. तो शेवाळ, दगडफूल आणि सूक्ष्म जिवाणूंचा असतो. हा थर माती बांधून ठेवतो, वाऱ्याने उडू देत नाही, ओल धरतो. इथे वाढीचे महिने तीन-चारच, पाऊस नाममात्र. आपल्याकडे पायवाट मोडली तर दोन पावसाळ्यांत हिरवी होते. तिथे चाकाखाली चिरडलेला माळ भरून यायला दशकं लागतात.

नुकसान चाकाच्या रुंदीएवढंही राहत नाही. दोन टनांची गाडी माती दाबते, तिथे घळ पडते. वसंतात वितळलेलं पाणी त्या घळीतून वाहतं, तिला खोल करतं आणि आजूबाजूच्या गवताची ओल घेऊन जातं. पुढच्या वर्षी कुणाला ती वाट वाटते, तो त्यावरून जातो, तिसरा खड्डा टाळायला बाजूने जातो. काही वर्षांत एका चाकोरीच्या दहा होतात.

आणि तो माळ मोकळा नाही. गावोगावच्या याक, मेंढ्या आणि गुरांची ती चराई आहे. भरल, म्हणजे निळी मेंढी, आणि आयबेक्स त्याच गवतावर जगतात, आणि हिमबिबट्या त्यांच्यावर. १९८७ मध्ये पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९२ मध्ये किब्बर अभयारण्य, आणि २००९ मध्ये हा सगळा टापू शीत वाळवंट जीवावरण क्षेत्र म्हणून जाहीर झाला. चंद्रताल २००५ पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे. म्हणून तिथे तळ्याच्या काठी तंबू ठोकायला बंदी आहे, गाड्या अलीकडे ठेवून शेवटचं अंतर पायी जावं लागतं. हे पाळा आणि इतरांनाही पाळायला सांगा.

गावाजवळ तर आणखी जपायला हवं. वर हिमनदीच्या पाण्यापासून शेतापर्यंत लोकांनी हाताने खोदलेले पाट असतात, त्यांना तिथे ‘कूल’ म्हणतात. जव आणि मटार यांचं वर्षाचं एकच पीक या पाटांवर उभं असतं. तो पाट पाहुण्याला कोरडी चरी वाटतो. तिच्यावरून चाक गेलं, काठ ढासळला, तर खालच्या शेताचं पाणी ऐन हंगामात तुटतं. मटाराच्या एका पिकावर मुलाच्या शाळेची फी ठरत असते.

नदीपात्राचंही तसंच. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये रस्त्यावरची कोंडी चुकवायला एकाने गाडी थेट चंद्रा नदीच्या पात्रात घातली. तो व्हिडिओ देशभर फिरला आणि पोलिसांनी त्याच्यावर कारवाई केली. कारवाई योग्यच होती.

तुमची गाडी ऑफ-रोड आहे याचा तिथे खरा अर्थ एवढाच की खराब रस्त्यावरून ती तुम्हाला सुखरूप नेईल. ग्रामफू-बातल, चंद्रतालची वाट, काझाहून लांग्झा, हिक्किम, कोमिककडे चढणारी वळणं, मुदकडे जाणारा पिन खोऱ्याचा रस्ता एवढ्यात गाडीची आणि चालकाची पुरेपूर परीक्षा होते. समोरून गाडी आली तर रुंद जागेपर्यंत मागे या. फोटोसाठी माळावर जायचं असेल तर गाडी रस्त्यावर ठेवा आणि पायी जा.

प्रश्न : लांग्झाला शाळिग्राम मिळतात म्हणे. देवघरासाठी आणता येतील का? (एक वाचिका, रत्नागिरी)

उत्तर : लांग्झाच्या परिसरातल्या काळ्या शेल खडकात अमोनाइट या सागरी जीवाचे जीवाश्म सापडतात. आपल्या देवघरातले गंडकीच्या पात्रातले शाळिग्रामही अमोनाइटचेच. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत आणि आशियाच्या मधे टेथिस नावाचा समुद्र होता. त्याच्या तळच्या गाळात हे शंखवाले जीव गाडले गेले. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आशियाला धडकला आणि तो तळ वर उचलला गेला. आज लांग्झाच्या पोरांच्या पायाखाली समुद्राचा तळ आहे, चार हजार मीटरहून जास्त उंचीवर. फर्डिनांड स्टोलिक्झा या भूशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात या खोऱ्याचा अभ्यास केला. स्पितीचे खडक जगभरच्या भूशास्त्रज्ञांना तेव्हापासून परिचित आहेत.

म्हणूनच ते आणू नका. गावात मुलं मुठीत धरून विकायला येतील, तरी घेऊ नका. एकाने घेतला की उद्या दहा मुलं शाळा सोडून डोंगर खोदतात. जीवाश्म कोणत्या थरात होता हे कळलं तरच त्याला शास्त्रीय अर्थ असतो, मुठीतल्या दगडाला तो नसतो. हातात घ्या, पाहा, मुलांना दाखवा आणि होता तिथे ठेवा. गावाला काही द्यायचं मनात असेल तर हॉटेलाऐवजी तिथल्या घरात मुक्काम करा, तिथलं जेवण जेवा, वाटाड्या गावातलाच घ्या.

या सगळ्या उत्तरांचा सारांश निघण्याआधी गाडीच्या डॅशबोर्डवर लिहून चिकटवण्याइतका छोटा आहे. शिमल्याकडून चढा. नाले सकाळी पार करा. डोकं दुखलं तर थांबा, बिघडलं तर उतरा. आणि वाट कितीही खराब असली तरी चाकं वाटेवरच ठेवा. ग्रामफू-काझा रस्ता साधारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत खुला असतो, पण बर्फ कधी हटेल हे दरवर्षी बदलतं. म्हणून सुट्टी पक्की करण्याआधी लाहौल-स्पिती जिल्हा प्रशासनाची ताजी सूचना पाहून घ्या.